चौथा सवाल

खोर फक्कान,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय फहद,

अस्सलामु अलैकुम. मी इथे खुशाल आहे, तूही घरी सगळ्यांसह खुशाल असशील. हलीमा खालांना माझा सलाम सांग. तुझ्या अब्बांनाही सांग, ते घेणार असतील तर.

आजच्या काळात कागदावर पत्र कोण लिहितो, असं तुला वाटेल. पण तू मला सगळीकडे ब्लॉक केलंयस, आणि दुसऱ्याच्या फोनवरून कॉल केला तर माझा आवाज ऐकून कट करतोस. तेव्हा हाच रस्ता उरला. आपला वासिफ सोमवारी सुट्टीवर गावी येतोय. त्याच्या बॅगेत अर्ध्या मोहल्ल्याचे खजूर आणि साबण आहेत, त्यातच हे पाकीट. दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावलीय. वासिफला तू ओळखतोस. नाहीतर जयगडच्या स्टँडवर उतरेपर्यंत त्यानं अख्ख्या एस.टी.ला वाचून दाखवलं असतं.

माझं म्हणशील तर इथे बंदरात टॅली क्लार्क आहे. क्रेन जहाजावरून कंटेनर उतरवते, मी खाली उभा राहून त्याचा नंबर टॅबवर टाकतो आणि सील शाबूत आहे का ते बघतो. बारा तासांची ड्युटी. बंदराच्या मागे नुसते खडकाळ डोंगर, गवताची काडी नाही, पण वारा फिरला की समुद्राचा वास अगदी आपल्या जेटीसारखा येतो. रूममध्ये आम्ही पाचजण. त्यातला लेस्टर वसईचा, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मी खूश झालो, तर पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "हबीबी, तू बोलायला लागलास की मला वाटतं बातम्या लागल्यात."

तर असं सगळं ठीक चाललंय. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसलो.

सहज नाही रे. काम आहे.

सुमैय्याचं तुला माहीतच आहे. तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. कॉलेजला जाताना खिडकीची जागा तू मला द्यायचास, कारण तिचा स्टॉप त्या बाजूला यायचा. ती आता अल ऐनला अम्मी-अब्बांकडे असते, एका शाळेच्या सायन्स लॅबमध्ये कामाला आहे. मी अजून तसाच आहे. स्क्रीनवर तिचं ‘टायपिंग’ दिसलं तरी माझे नंबर चुकतात. मागे एकदा सीलच्या रकान्यात मी तिचं नावच टाकलं. सुपरवायझरनं विचारलं, ये कौनसी शिपिंग लाईन है. मी म्हटलं, नई है सर.

गावात म्हणतात, यहया कॉलेज अर्धं टाकून त्या पोरीच्या मागे पळाला. मी कधी नाही म्हटलं नाही. ऐकायला बरं वाटतं, मर्दासारखं. पण तू तारखा बघ. मी आलो मार्च २०२३ला. ती आली जुलै २०२४ला.

त्याविषयी पुढे लिहितो.

इथे गल्फमध्ये आपल्या गावच्या लोकांची जी जमात आहे तिचा रिवाज तुला ठाऊक असेल. मुलीकडच्यांनी म्हटलं तर मुलानं त्याला ओळखणारे तीन गवाह आणायचे. बहुतेक वेळा ती फॉर्मॅलिटीच असते. चहा, समोसे, मुलगा नेक आहे, खलास. ऑगस्टमध्ये मी रिश्ता घातला आणि सुमैय्याच्या अब्बांनी, म्हणजे तहसीन चाचांनी, गवाह मागितले. चाचा अल ऐनच्या एका हॉस्पिटलात स्टोअर सांभाळतात, सव्वीस वर्षं झाली. शुक्रवारी जुम्म्यानंतर घरीच गावच्या मुलांना जमवून हजरत उमर रजि. यांच्या आयुष्यातले किस्से सांगतात. त्यांच्या घरात कुठल्याही गोष्टीचा निकाल हजरत उमरपाशी जाऊन लागतो. एसी किती डिग्रीवर ठेवायचा, त्याचासुद्धा.

मी तीन गवाह गोळा केले. लेस्टर, वासिफ आणि इथल्या मशिदीत माझ्या शेजारी उभे राहणारे एक हैदराबादी बुजुर्ग. भाड्याची गाडी करून गेलो. येऊनजाऊन, पेट्रोल धरून, दोनशे दहा दिरहम, म्हणजे आपले पाच हजार. बुजुर्गांनी बसल्या बसल्या सुरुवात केली, "माशाल्ला, निहायत नेक लड़का है. पाबंदी से नमाज पढ़ता है."

चाचांनी विचारलं, "आप इसके पड़ोसी हैं?"

"नहीं."

"कभी लेन-देन का वास्ता पड़ा?"

"नहीं."

"साथ सफर किया है?"

"किया ना. आज ही. खोर फक्कान से यहाँ तक."

वासिफ मधेच म्हणाला, "चाचा, हे गाडीत बसले तेव्हाच झोपले. ते थेट अल ऐनला उठले."

मग चाचांनी किस्सा सांगितला. हजरत उमरपुढे एक माणूस साक्ष द्यायला आला. ते म्हणाले, मी तुला ओळखत नाही, तुला ओळखणारा घेऊन ये. दुसरा एक पुढे झाला, म्हणाला मी ओळखतो, चांगला माणूस आहे. हजरत उमरनी त्याला तीन सवाल केले. तू याचा शेजारी आहेस का, दिवसरात्र याचं येणंजाणं बघणारा? याच्याशी व्यवहार केलायस का? याच्याबरोबर प्रवास केलायस का? तिन्हींना नाही म्हणाल्यावर ते म्हणाले, म्हणजे तू याला मशिदीत मान खालीवर करताना पाहिलंयस, एवढंच. तू याला ओळखत नाहीस.

बुजुर्ग बिचारे समोसा हातात धरून बसले.

लेस्टर मात्र शेजारी होता, व्यवहारातला होता, प्रवासही केलेला. तीनही सवालांत पास. मी मनात म्हटलं, यल्ला, जिंकलो. तेव्हा चाचा म्हणाले, "अजून एक. हा हजरत उमरचा नाही, माझा स्वतःचा. याला कधी रागात पाहिलंयस?"

लेस्टर म्हणाला, "नाही अंकल. पाच माणसांच्या रूममध्ये रागवायला जागा कुठे आहे."

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या कॉलेजात मारामारी झाली होती ना गॅदरिंगला? मी इथे होतो, फोनवर ऐकलं. तो खुर्चीवाला पोरगा तुमच्याच शेजारचा. तुझी त्याच्याशी ऊठबस होती का?"

मी काय उत्तर दिलं ते उद्या लिहितो. बोटं दुखायला लागलीयत, दोन वर्षांत एवढं हातानं लिहिलेलं नाही.

रविवार, १६

काल बोटं दुखत नव्हती.

मी म्हणालो, "नाही चाचा. फार नाही."

एवढंच. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या, कुंपणाला कुंपण असलेल्या माणसाबद्दल मी हे म्हणालो. वासिफ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्याला काय कळलं ते त्याचं त्याला माहीत. चाचा म्हणाले, ठीक आहे, पण चौथ्या सवालाचं उत्तर देणारा एक माणूस आण. घाई नाही. मग मी निकाल देतो.

मला भयंकर राग आला. गाडीत मी डॅशबोर्डवर मूठ मारली. लेस्टर म्हणाला, "आता पाहिलं रागात. परत जाऊन सांगू का?"

चाचांना लोणी लावायचं म्हणून मी दर शुक्रवारी त्यांच्या वर्गाला जायला लागलो. बसनं, तीन ठिकाणी बदलत. सप्टेंबरात त्यांची ड्युटी बदलली आणि ते म्हणाले, तू कॉलेजात वक्तृत्वाला होतास ना, मग तूच घे वर्ग. त्यांनी मला वाचायला पुस्तकं दिली. सुमैय्या आतून चहा आणून ठेवायची आणि दारापाशी उभी राहून ऐकायची. खोटं कशाला बोलू, पहिले दोन शुक्रवार मी फक्त त्या दाराला शिकवत होतो.

पण मग वाचता वाचता मी अडकलो. फहद, मला वाटायचं हे सगळे थोर लोक जन्मतःच शांत असतात. हजरत उमर तसे नव्हते. ते माझ्यासारखे होते, म्हणजे माझ्यासारखे भडकणारे. ऐन तारुण्यात तलवार घेऊन पैगंबरांनाच मारायला निघालेले. रस्त्यात कळलं की स्वतःची बहीणच इस्लाममध्ये गेलीय, तर तिच्या घरी जाऊन तिच्या तोंडावर मारलं. तिचं रक्त आलं. ते रक्त बघितलं आणि थांबले. म्हणाले, तुम्ही कुराणातलं जे वाचत होतात ते मला दाखवा. तिथून सगळं पालटलं.

मी ते रक्ताचं वाक्य दोनदा वाचलं. मीही रक्त बघितलं होतं. मी थांबलो नव्हतो. मी मागे सरकलो होतो.

पुढे ते खलिफा झाले. केवढं राज्य, आणि स्वतःच्या सदऱ्याला ठिगळं. दुष्काळाच्या वर्षी लोकांना तूप मिळेना तर यांनीही सोडलं. पोट गुरगुरायचं, तर पोटाला म्हणायचे, गुरगुर हवं तेवढं, लोकांना मिळेपर्यंत तुलाही नाही. मुलांना हे फार आवडलं. रुहान म्हणून एक आहे, तो म्हणाला, "सो ही टॉक्ड टू हिज टमी?" मग सगळी आपापल्या पोटांशी बोलायला लागली.

गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी मी पिठाच्या गोणीचा किस्सा घेतला. उपाशी मुलांची आई चुलीवर नुसतं पाणी उकळत बसलेली, मुलांना झोप लागावी म्हणून. खलिफांनी ते पाहिलं. धावत कोठारात गेले, पिठाची गोणी काढली. नोकर म्हणाला, द्या, मी उचलतो. तेव्हा ते म्हणाले...

आणि मला पुढचं बोलता येईना.

पुढचं वाक्य पाठ होतं. "कयामतीच्या दिवशी माझं ओझं तू उचलणार आहेस का?" एवढंच आहे ते. मुलं वाट बघत होती. कुणीतरी म्हणालं, "व्हॉट डिड ही से?" मी पाणी प्यायलो. शेवटी दारातून सुमैय्यानं ते वाक्य पुरं केलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

आता लिहितोच. तुला सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण मी हे कधी कुठे बोललेलो नाही.

जानेवारी २०२३. गॅदरिंगचे फिशपाँड. अर्सलान स्टेजवर पडद्यापुढे उभा राहून ते निनावी टोमणे वाचून दाखवत होता आणि त्यानं सुमैय्याचं नाव घेऊन तो घाणेरडा वाचला. माझं डोकं फिरलं. पडद्यामागून मी लोखंडी फोल्डिंगची खुर्ची उचलून फेकली. त्याच्या दंडाला लागली, हाड मोडलं, कपाळ फुटलं. खुर्ची आपटून पडद्याआड माझ्याच पायाशी परत आली. मी दुसऱ्यांदा फेकायला ती उचलली, तेव्हा तू मागून येऊन माझ्या हातातून हिसकावून घेतलीस. तेवढ्यात कुणीतरी पडदा ओढला. प्राचार्य समोर. खुर्ची तुझ्या हातात.

तू माझ्याकडे पाहिलंस. तू एक शब्द बोलला नाहीस, तू वाट बघत होतास मी बोलण्याची. मी किती वेळ गप्प होतो माहीत नाही. तू खुर्ची खाली ठेवलीस, नीट, चारही पाय टेकवून. मग ऑफिसात नेलं तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. तुला वर्षभरासाठी काढलं. तुझ्या अब्बांनी तुला पुन्हा पाठवलंच नाही. तू बर्फाच्या फॅक्टरीत लागलास. आणि मोहल्ल्यात मी होतकरू मुलगा आणि तू खुर्चीवाला.

मी सहा आठवडे त्या बाकावर एकटा बसलो. मग अम्मीला म्हटलं व्हिसा आलाय. आला नव्हता, नंतर आला. मी सुमैय्याच्या मागे आलो नाही, फहद. मी तुझ्या रिकाम्या जागेपासून पळालो.

परवा शुक्रवारी वर्ग संपल्यावर, चाचा ड्युटीवरून घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते बाल्कनीत नळाखाली एसीची जाळी धूत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, ऑगस्टमधलं ते ‘फार नाही’सुद्धा. ते जाळी घासत राहिले. ती धुऊन झाली, उन्हात उभी करून ठेवली, मग बोलले.

"गावात त्याला काय म्हणतात?"

"खुर्चीवाला."

"मीही म्हणालो. तुझ्यासमोर, माझ्या घरात. न बघता, न विचारता." पंच्याने हात पुसत राहिले. "आणि तू मला म्हणू दिलंस."

मी हो म्हणालो.

"जा आता," ते म्हणाले.

मी चपला घालत होतो तेव्हा सुमैय्या बाहेर आली. तुला आठवत असेल, ती भांडायला लागली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. म्हणाली, "अब्बा, मी पहिल्या रांगेत होते. पडदा मधे फाटलेला होता. मी यहयाच्या हिरव्या कुर्त्याची बाही पाहिली होती."

चाचा तिच्याकडे वळले. "मग बोलली का नाहीस?"

"त्या फिशपाँडमध्ये माझं नाव होतं. मी पुढे येऊन बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मला कॉलेजातून काढून इथे आणलं असतं."

चाचांनी हातातला पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "आणलं असतं."

"तुम्हीच सांगता ना, हजरत उमर मशिदीच्या मिंबरवर उभे राहून बायकांना लग्नात द्यायच्या मेहेरची मर्यादा सांगत होते तेव्हा एक बाई उठून म्हणाली, तुम्हाला हा हक्क नाही. आणि ते सर्वांसमोर म्हणाले, बाई बरोबर आहे, उमर चुकला. ती मशिदीत उभी राहून बोलली. मी निदान किचनमध्ये उभी राहून तरी बोलायला हवं होतं. तीन वर्षं मी बोलले नाही. म्हणजे यहयाची चूक आहे तशी माझीही आहे."

मला तिच्यावर राग यायला हवा होता. तीन वर्षं तिला माहीत होतं आणि ती मी सांगण्याची वाट बघत होती. पण मला खरंच हलकं वाटलं. जिला मी सगळ्यांत जास्त घाबरत होतो तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी ती दारात उभी राहून माझे किस्से ऐकत होती.

चाचा खाली बसले. त्यांना बसताना मी असं कधी पाहिलं नव्हतं, भिंतीला धरून. मला वाटलं आता खलास. पण त्यांनी मला बस म्हटलं आणि, तू हसशील, किस्सा सांगितला. इजिप्तच्या एका साध्या माणसानं शर्यतीत गव्हर्नरच्या मुलाला हरवलं, तर त्या मुलानं त्याला चाबकानं मारलं. तो माणूस मदीनेपर्यंत फिर्याद घेऊन गेला. हजरत उमरनी गव्हर्नरला मुलासकट बोलावून घेतलं. "ते स्वतः शिक्षा देऊ शकले असते," चाचा म्हणाले. "खलिफा होते. पण त्यांनी चाबूक त्या इजिप्तच्या माणसाच्या हातात दिला. मार ज्यानं खाल्ला, निकाल त्याचा."

मग खिशातून फोन काढला. "फहदचा नंबर दे."

मी दिला.

ठरलंय ते असं. येत्या शुक्रवारी, एकवीस तारखेला, चाचा दुबईला, देऱ्यात, जमातीच्या बैठकीत उभे राहून सांगणार आहेत की खुर्ची कुणी फेकली, आणि त्यांनी स्वतः तुला काय म्हटलं होतं. मी शेजारी उभा असेन. बैठक झाली की ते तुला फोन करतील. आधी तुझी माफी मागतील. मग ते तुला चारही सवाल विचारतील, आणि पाचवा हाही, की अशा मुलाला मुलगी द्यावी का. तुझा शब्द ते मानणार आहेत. सुमैय्यानंही कबूल केलंय. मला वाटलं ती भांडेल, पण ती म्हणाली, फहदनं नाही म्हटलं तर मला वाईट वाटेल, पण ते चुकीचं नसेल.

काल मी प्राचार्यांना मेल केला, त्याची प्रिंट सोबत आहे. तुझं नाव त्या रजिस्टरमधून काढावं आणि माझं लिहावं असं लिहिलंय. अर्सलानलाही फोन केला. तो आधी शिव्या देईल म्हणून मी तयार होतो. तो म्हणाला, "मला शंका होतीच. फहदला लग्नात खुर्च्या मांडायला सांगितल्या तर तो बोटं चेमटवून घेतो, तो फेकणार कुठून." मग म्हणाला, तो फिशपाँड त्यानं स्वतःच लिहिला होता आणि त्याचं त्याला वाईट वाटतं. त्यानंतरही फोन लगेच कुणी ठेवला नाही.

हे पत्र तुला मिळालं की माझी अम्मी तुझ्या घरी येईल. मी तिला सगळं सांगितलंय. ती रडली, मग म्हणाली, हलीमाच्या दारात मी कुठल्या तोंडानं जाऊ, आणि मग म्हणाली, जाते. दार उघडा.

फहद्या, मी तुला माफ कर असं म्हणत नाही. ते तुझं तू बघ, आज, दहा वर्षांनी, नाहीतर कधीच नाही. मला पुढच्या शुक्रवारची भीती वाटते, पण ही भीती बरी आहे, हिच्यासोबत झोप लागते.

फोन अल ऐनच्या नंबरवरून येईल, घे. चाचांनी विचारलं की याला रागात पाहिलंय का, तर हो म्हण. काय पाहिलंस ते पुरं सांग, एक शब्दही माझ्यासाठी गाळू नकोस. लहानपणीची ओळख, खिडकीची जागा, काही मधे आणू नकोस. आणि पाचव्या सवालावर तुला आतून जे वाटेल तेच बोल. तू जे बोलशील त्यावर मी वाद घालणार नाही, आयुष्यात पहिल्यांदाच.

तीन वर्षं उशिरा,
यहया